इंग्लिश येतं म्हणजे पेपर वाचता येतो असं नाही



व्हेटरिनरीला गेलेल्या आपल्या मुलांच्या टाइमटेबलमध्ये सुरुवातीलाच ‘लिटरेचर सर्चिंग’ किंवा तशाच नावाचे काही तास असतात. शोधनिबंध कसे शोधायचे, कसे वाचायचे हे त्यात शिकवतात. बहुतेकदा लायब्ररीतली माणसं शिकवतात. मुलं हे तास सर्रास बुडवतात आणि आपण हसून सोडून देतो. ‘इथेच जन्मली, इथेच वाढली, तिला आता इंग्लिश वाचायला काय शिकवणार?’ हे वाक्य यूकेतल्या आपल्या लोकांत मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसले. माझी लेक व्हेटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी स्वतः सीए, जनावरांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण कागद वाचणं हा माझा धंदा आहे, आणि माझ्या मते हे तास अ‍ॅनाटॉमीच्या तासांइतकेच महत्त्वाचे आहेत.

ऑडिटमध्ये ‘मटेरियल’ म्हणजे कापड नव्हे, हे आम्हालासुद्धा आर्टिकलशिपमध्ये शिकवावंच लागलं होतं. विज्ञानाच्या इंग्लिशचं तेच आहे. ‘सिग्निफिकंट’ हा शब्द घ्या. घरी बोलताना त्याचा अर्थ मोठं, महत्त्वाचं. पेपरमध्ये अर्थ एवढाच की खरा फरक नसता, तर असे आकडे निव्वळ योगायोगाने येणं अवघड होतं. फरक मोठा आहे की चिमूटभर, हे तो शब्द सांगतच नाही. उलट, १२ कुत्र्यांवर दोन औषधं वापरून बघितली आणि ‘सिग्निफिकंट’ फरक दिसला नाही, म्हणजे दोन्ही औषधं सारखीच असं होत नाही. कुत्रीच इतकी थोडी होती की फरक असता तरी कदाचित दिसला नसता. आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून थांबणं म्हणजे चेअरमनचं भाषण वाचून शेअर घेणं. कंपनीच्या डोक्यावर किती दावे टांगलेले आहेत, हे मागच्या नोट्समध्ये बारीक अक्षरात असतं. पेपरमध्ये ती जागा म्हणजे ‘मेथड्स’. मुलं नेमकं तेच पान उडवतात.

माझा भाचा मुंबईत परळच्या व्हेटरिनरी कॉलेजात आहे, १८८६ सालचं कॉलेज. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्लिश बोलताना अडखळतो, लांबलचक वाक्यं त्याला फोडून सांगावी लागतात. पण शब्द अडला की तो थांबतो, विचारतो. माझी लेक थांबत नाही, कारण आपल्याला काही अडलंय असं तिला वाटतच नाही. दोघांनाही शिकवायची गरज आहे, फक्त भाच्याला ते माहीत आहे.

हे झालं वाचण्याचं. शोधणं ही त्याहून मोठी गंमत. गाय म्हणजे ‘काउ’, ‘कॅटल’ आणि ‘बोव्हाइन’सुद्धा. मांजरीच्या नसबंदीला तर चार-पाच नावं. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगं वेगळी. अ‍ॅनेस्थेशिया, डायरिया हे शब्द आपली मुलं शाळेत शिकली तसे लिहितात आणि अमेरिकेत छापलेले पेपर निसटू शकतात. काही डेटाबेस हे आपोआप जुळवून घेतात, काही नाही घेत. ‘अँड’ कुठे लावायचा आणि ‘ऑर’ कुठे, हे माहीत नसेल तर एक तर दहा हजार पेपर समोर येतात, नाही तर तीन. शिवाय शोधायचं कुठे? माणसांच्या डॉक्टरांचं सगळं काम पबमेडवर भागत असेल, जनावरांचं नाही भागत. नॉटिंगहॅमच्या मंडळींनी २०१२ साली नऊ डेटाबेस ताडून पाहिले. व्हेटरिनरी जर्नलं सगळ्यात जास्त, सुमारे ९० टक्के, सापडली ती ‘कॅब अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’मध्ये. गुगल करून हे कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं.

एवढा आटापिटा कशासाठी, असं वाटत असेल तर आपल्याकडचीच गोष्ट आठवा. आपल्या लहानपणी दिसणारी गिधाडं गेली कुठे? मुंबईत पारशी लोकांच्या डुंगरवाडीतसुद्धा ती उरली नाहीत. सुरुवातीला संशय कुठल्यातरी साथीच्या रोगावर होता. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये पाकिस्तानातल्या गिधाडांवरचा पेपर आला. मूत्रपिंडं निकामी होऊन मेलेल्या २५ पक्ष्यांपैकी २५ जणांच्या शरीरात डायक्लोफेनॅक होतं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही नव्हतं. गुरांना दिलेलं दुखण्यावरचं औषध, मेलेल्या गुरातून गिधाडाच्या पोटात. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केलं.

खरा धडा पुढे आहे. डायक्लोफेनॅक गेलं, तरी अ‍ॅसिक्लोफेनॅक चालूच राहिलं. गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफेनॅक होतं, हे २०१६ मध्ये छापून आलं. जनावरांसाठी त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. मधल्या सात वर्षांत एखाद्या व्हेटने ‘अ‍ॅसिक्लोफेनॅक’ आणि ‘गाय’ एवढंच शोधलं असेल, तर त्याला गाईला काय होतं याची उत्तरं मिळाली असतील. ती गाय मेल्यावर तिला खाणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्याने विचारलाच नसेल तर उत्तर छापलेलं असूनही त्याच्यासाठी नव्हतंच. ऑडिटमध्येसुद्धा जे व्हाउचर मागितलं नाही, ते कुणी आपणहून आणून देत नाही.

आता माझी तक्रार कॉलेजांबद्दल. फ्रेशर्सच्या गडबडीत एक तास लायब्ररी दाखवायची आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत नाव काढायचं नाही, ही पद्धत मला पटत नाही. पोराला तेव्हा विचारायला प्रश्नच नसतो. हे शिकवणं क्लिनिकच्या वर्षांत, समोर खरा घोडा लंगडत असताना हवं, आणि त्याला मार्क हवेत. मार्क नसलेलं आपली मुलं करत नाहीत, ते आपणच त्यांना शिकवलंय! आणि ‘एआय सारांश देतं की’ म्हणणाऱ्यांना: ते कधी कधी जगात नसलेल्या पेपरचं नावसुद्धा बिनदिक्कत देतं. मूळ कागद उघडून बघायची सवय नसेल, तर कळणार कसं?

ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी आरसीव्हीएस नॉलेजचं ‘व्हेटरिनरी एव्हिडन्स’ हे जर्नल उघडून बघा, फुकट आहे. एक नेमका प्रश्न घ्यायचा, कुठे काय शोधलं ते शब्दांसकट लिहायचं, सापडलेले पेपर तपासायचे आणि मग मत द्यायचं. विद्यार्थ्यांनासुद्धा त्यात लिहिता येतं. वर्किंग पेपर्स इतके स्वच्छ ठेवलेले बघून माझ्यातली ऑडिटर सुखावली.

ईस्टरला मुलं लॅम्बिंगहून घरी येतील. कपडे धुवायला टाकून झाले की विचारा, तिकडे मेंढ्यांना कुठलं औषध दिलं, का दिलं, आणि ते बरोबर होतं का हे शोधायला तू कुठले शब्द टाकशील? आणि ज्यांची मुलं बुडापेस्ट किंवा कोशित्सेला व्हेट करतायत, त्यांनी तिकडे हे कसं शिकवतात ते मला जरूर लिहा. तिथे वर्गात निम्म्यांची मातृभाषा इंग्लिश नसणार, त्यामुळे तिकडचे लोक हे जास्त गंभीरपणे घेत असतील असा माझा अंदाज आहे.