घरात सिलिंडर आला, तरी दारातला बंब अजून का पेटतो?

वडीगोद्री हे नाव तुम्ही २०२४ च्या जूनमध्ये ऐकलं असेल. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं हे गाव ओबीसी आरक्षणाच्या उपोषणामुळं तेव्हा रोज टीव्हीवर होतं. आज विषय वेगळा आहे. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे या भागातून गेलात, तर घरांसमोर धूर दिसतो. चुलीवर अजून काही चढलेलं नसतं. हा धूर आंघोळीच्या पाण्याचा.

पोलंडसारख्या थंड देशात कोळसा-लाकडाच्या बॉयलरवर अख्खं घर गरम करतात. आपल्याला बादलीभर पाणी तापलं की पुरे. आपला घरगुती बॉयलर म्हणजे बंब. तांब्याचं भांडं, मधोमध नळी, खाली जाळी. नळीत सरपण किंवा कोळसा टाकायचा, तोटीतून कढत पाणी घ्यायचं आणि तेवढंच गार पाणी वरून ओतायचं. (२०२५ मध्ये नवा बॉयलर कायदा आला, पण बंबात वाफेचा दाब तयार होत नाही, त्यामुळं तो त्या कायद्यात बसत नाही. इन्स्पेक्टर दारात येणार नाही, निश्चिंत राहा.)

आता प्रश्न असा की, उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, मग बंब का गेला नाही?

लोकांना सवय सुटत नाही, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. त्याऐवजी हिशोब करून बघू. २० लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी असतात, त्यातल्या ६० टक्के पाण्यात उतरल्या असं धरू. म्हणजे एका बादलीला ७५ ग्रॅम गॅस. घरात पाच माणसं असतील तर रोजचा पावणेचारशे ग्रॅम. १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळीवर ३७-३८ दिवसांत संपतो.

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत मिळतात. वरच्या हिशोबानं हे तिन्ही एका हिवाळ्याच्या आंघोळीतच संपतील, भाकरी एकही न भाजता. उज्ज्वलाची घरं देशात सरासरी वर्षाला साडेचारच्या आसपास सिलिंडर भरून घेतात. त्यात स्वयंपाकच कसाबसा बसतो, तिथं पाणी कोण तापवणार?

मग विजेचा रॉड? बादलीला साधारण ०.६ युनिट, पाच जणांचे रोज तीन, महिन्याचे नव्वद. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. दिवे-पंख्यांवर ६०-७० युनिट जाळणारं घर रॉडमुळं नेमकं त्या वरच्या दरात ढकललं जातं. पहाटे वीज नसली तर तेही नाही.

याउलट सरपण दारात पडलेलं असतं. जालना हा कापसाचा जिल्हा. वेचणी संपली की हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या उरतात. सोबत तुराट्या आणि बांधावरची बाभूळ. बंबातली दोन तृतीयांश उष्णता वाया गेली, तरी पाच बादल्यांना दोनेक किलो सुकं लाकूड पुरतं. पैसे शून्य. वेचून आणायची मेहनत बहुतेक बाईची, ती कुणी मोजत नाही.

मोजण्याचाच घोळ इथं मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के घरं स्वच्छ इंधन वापरतात. पण प्रश्न विचारला जातो तो मुख्यतः स्वयंपाक कशावर करता, एवढाच. २०११ च्या जनगणनेतही तसंच होतं. गॅसवर स्वयंपाक आणि बंबावर पाणी असं घर कागदावर ‘स्वच्छ’च धरलं जातं. हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही शहरांपुरता आहे. त्यात जालना शहर आहे, वडीगोद्री नाही.

खरं सांगायचं तर बंब अंगणात असल्यामुळं तो बंद स्वयंपाकघरातल्या चुलीइतका वाईट नाही. घरातल्या धुरामुळं जगात वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात मोठा वाटा बंद जागेतल्या धुराचा. अंगणातला बंब दोन गोष्टींनी घातक होतो. पहिली, पेटवण म्हणून टाकलेल्या दुधाच्या पिशव्या, जुन्या चपला, टायरचे तुकडे. यांचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. दुसरी, धगधगते कोळसे ऊब म्हणून घमेल्यात घेऊन खोलीचं दार लावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा धोकाही हाच.

सौर बंब हा पर्याय आहे, पण त्याला डोक्यावर टाकी आणि टाकीत नियमित पाणी लागतं. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हे आधीच अवघड, त्यात बोअरच्या जड पाण्यानं नळ्यांत क्षार साचतात. त्यावरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्ये बंद झालं. सध्या अनुदान आहे ते ‘पीएम सूर्यघर’मध्ये छतावरच्या विजेसाठी, एका किलोवॅटला ३०,००० रुपये. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, म्हणजे पाच जणांच्या आंघोळीचा हिशोब त्यात बसतो. उरलेले पैसे घरानंच घालायचे, आणि पत्र्याच्या छपरावर पॅनेल बसेल का, हे आधी कुणीतरी येऊन बघावं लागतं.