सदाफुलीचं औषध पिशवीतूनच द्या

माझ्या दारात सदाफुली आहे. चार दिवस पाणी घालायचं राहिलं तरी फुलत असते. व्हिंक्रिस्टीन हे औषध याच झाडापासून काढतात. रक्ताच्या कॅन्सरची मुलं बरी होतात, त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या दहा मुलांतलं १९६०च्या सुमाराला एखादंच वाचायचं. आता उपचार नीट आणि पूर्ण मिळाले तर आठ-नऊ वाचतात.

मी २७ वर्षं केमोच्या वॉर्डात सिस्टर होते. एक दुपार अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पाच वर्षांच्या मुलाला पाठीतलं इंजेक्शन द्यायचं होतं. आईने त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन घट्ट धरलं होतं. ट्रेमध्ये दोन सिरिंज होत्या. पिवळ्या रंगाचं मेथोट्रेक्सेट पाठीसाठी, पाण्यासारखं दिसणारं व्हिंक्रिस्टीन शिरेसाठी. डॉक्टरांनी उचललेली सिरिंज पिवळी नव्हती. "सर, थांबा!" मी ओरडलेच.

ते पोर वाचलं. डॉक्टर तरुण होते, मनापासून काम करणारे, रात्रभर ड्युटी करून आलेले. त्यांना दोष देऊन मी काय मिळवणार? दोन्ही सिरिंज एकाच ट्रेमध्ये ठेवायची आमची पद्धतच चुकीची होती.

शिरेतून दिलं तर जीव वाचवणारं हे औषध मणक्यातल्या पाण्यात गेलं की नसा आणि मेंदू निकामी करत जातं. त्यावर खात्रीचा उतारा नाही. बहुतेक रुग्ण दगावतात. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रुग्णालयात २००१ साली अठरा वर्षांचा मुलगा असाच गेला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, तोवर १९६८पासूनच्या अशा ५५ घटनांची नोंद झालेली होती. न नोंदलेल्या किती, कोण सांगणार?

त्या इशाऱ्यातला उपाय साधा आहे: व्हिंक्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत मिसळून शिरेतून द्या. पन्नास मिलीची पिशवी पाठीच्या सुईला लावायला कुणाचाही हात धजणार नाही. थकलेल्या माणसाच्या लक्षावर काही सोडायचंच नाही, यातच त्याचं मोल आहे.

औषध शिरेबाहेर झिरपून कातडी जळेल, अशी शंका काही जण काढतात. भीती खरी आहे, पण तिला इलाज आहे. शीर आधी तपासायची आणि पिशवी संपेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं, सिस्टरने कॉटजवळून हलायचं नाही. मी तशी उभी राहिले आहे.

नव्या औषधांच्या, नव्या यंत्रांच्या बातम्या रोज येतात, त्यांचा मलाही आनंद आहे. पण ही पिशवी प्रत्येक रुग्णालयात, लहान-मोठ्या, सरकारी-खासगी, सक्तीची झालीच पाहिजे. आणि आईबाबांनो, तुमच्या लेकराला केमो लागणार असेल तर न संकोचता विचारा: "व्हिंक्रिस्टीन पिशवीतूनच देणार ना?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.