पकड करतो एक, आत येतो दुसरा! कबड्डीत बचावावर चढाई कशी चालते?

धान घरी आलं की वडसा-देसाईगंज भागात रात्री झाडीपट्टीच्या नाटकांच्या आणि दिवस शंकरपटाचे, कबड्डीचे. सामना संपायच्या आत रील्स फिरायला लागतात. त्यात दिसतो कोण? चढाईपटू. तिघांना हात लावून मध्यरेषेवर झेप घेणारा. कोपऱ्यात घोटा धरून बसलेला गडी सहसा कुणाच्या स्टेटसवर येत नाही.

पण तो चढाईपटू त्या क्षणी मैदानात होता, तो अनेकदा याच कोपऱ्यातल्या गड्यामुळे. कसं, ते बघूया.

नियमातली मेख

दोन्ही बाजूंना ७-७ खेळाडू. बाद झालेला बाहेर बसतो. समोरचा एक बाद झाला की आपला एक आत येतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

मेख पुढे आहे. आत कुणाला घ्यायचं हे कर्णधार ठरवत नाही. ज्या क्रमाने बाद झाले, त्याच क्रमाने परत यायचं. आणि बोनसचा गुण मिळाला तरी त्यावर कुणी आत येत नाही.

समजा, तुमचा हुकमी चढाईपटू तिसरा बाद झाला आणि आधीचे दोघे अजून बाहेरच आहेत. आता तो परत यायला समोरचे तीन जण बाद व्हायला हवेत. चढाईला जाणार दुसऱ्या फळीतला पोरगा. तो बहुतेक वेळा बोनस घेऊन किंवा रिकामा परत येतो. मग उरते पकड.

चार मिनिटांचा हिशेब

एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. दोन्ही संघ आळीपाळीने जातात. सगळ्यांनी पूर्ण वेळ घेतला, तर ४ मिनिटांत ८ चढाया होतात. त्यातल्या ४ आपल्या. म्हणजे मुख्य चढाईपटू ४ मिनिटं बाहेर बसला, तर त्याच्या ४ चढाया गेल्या. आणि तो रांगेत पहिला असेल, तर एका पकडीत लगेच आत. फलकावर पकडीचा १ गुणच दिसतो, त्या वाचलेल्या चढाया दिसत नाहीत.

दुसरा फायदा जागेचा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एका संघाकडे साडेसहा मीटर खोलीचा भाग. समोरचे ७ वरून ५ वर आले की साखळी तुटते, मोकळी जागा वाढते. हां, बोनस मात्र बंद होतो. तो समोर ६ किंवा जास्त खेळाडू असतानाच मिळतो.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हाच हिशेब यार्डात मांडतात. बचावाने समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेजवळ अडवलं, की आपल्या आक्रमणाची सुरुवात बरीच पुढून होते. तिथे बचाव जागा मिळवून देतो, आपल्याकडे माणूस.

उलटही होतं

गरज नसताना कोपरारक्षक उतावळेपणाने पुढे झेपावला आणि चढाईपटू निसटला, तर नुकसान फक्त एका गुणाचं नाही. त्यांचा बाहेर बसलेला हुकमी गडीही आपणच आत बोलावला.

आणि आपले तीन किंवा कमी उरले असताना पकड झाली, तर ती सुपर टॅकल. गुण २, पण आत येतो एकच.

मोठ्या मैदानावर काय दिसलं?

प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमासाठी २०२३ मध्ये लिलाव झाला. तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी २ कोटी ६०.५ लाख मोजले. पुणेरी पलटणने इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख. टायटन्स शेवटच्या क्रमांकावर राहिले. पुणेरी पलटण साखळीत अव्वल राहिली आणि १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदाच विजेती ठरली. पुढच्या मोसमात शादलू हरियाणाकडे गेला, आणि विजेतेपदही हरियाणाकडे गेलं.

एका खेळाडूने सगळं ठरत नाही, हे खरंच. पण एकटा चढाईपटू कितीही मोठा असला, तरी बाकावर बसून त्याला गुण घेता येत नाहीत.

वडशाच्या पोरापोरींनी हे का बघावं?

गोंडवाना विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असोत की गावातली, 'मी चढाई करतो' म्हणणारे जास्त आणि कोपरा मागणारे कमी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धेतल्या कामगिरीचं प्रमाणपत्र लागतं. कबड्डीत पदक मिळतं ते संघाला. चढाईपटूच्या त्या प्रमाणपत्रात कोपऱ्यातल्या गड्याचाही वाटा असतो.

पुढच्या सामन्याला गेलात, तर एक करून बघा. आपला मुख्य चढाईपटू बाद झाला की मोबाईलवर घड्याळ लावा आणि तो कुणाच्या पकडीमुळे आत आला ते लिहून ठेवा. मग त्या गड्याचीही एक रील टाका.