भुताचे चित्रपट आणि घरातील मंडळी

वाचकहो, उदयनगरकडील एका कुटुंबाने आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. तो अनेक घरांस लागू पडणारा असल्यामुळे त्याचे उत्तर येथेच देणे आम्हांस इष्ट वाटते. त्या घरातील थोरल्या मुलाने रविवारी रात्री जेवणे आटोपल्यावर जुने भयपट आणि रहस्यपट लावण्याचा प्रघात पाडला. मुले, सुना, शेजारची पोरे अशी सारी मंडळी जमू लागली. आजीबाईंना मात्र हे रुचले नाही. तिन्हीसांजेनंतर ज्याचे नावही काढावयाचे नाही, त्याला घरात बोलावून समोर बसवावयाचे हा कोठला शहाणपणा, असा त्यांचा सवाल. शिवाय जपमाळेची प्रार्थना संपते न संपते तोच पांढऱ्या साडीतील बाई पाहावयाची, हे ख्रिस्ती घराला शोभते काय? घरात दोन तट पडले आणि निवाडा आमच्याकडे आला.

आमचा कौल मुलाच्या बाजूने आहे. आजीबाईंच्या म्हणण्यातील एक मुद्दा मात्र आम्ही राखून ठेवला आहे. तो पुढे योग्य स्थळी येईल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ह्या जुन्या भयपटांशी आमच्या माळवा-निमाडचे नाते परकेपणाचे नाही. हिंदी चित्रसृष्टीतील भुताच्या कथांचा मूळपुरुष म्हणजे बाँबे टॉकीजचा १९४९ सालचा ‘महल’. त्याचा नायक अशोककुमार. त्याचे घर नर्मदेपलीकडील खंडव्याचे, वडील तेथे वकिली करीत. नायिका मधुबाला त्या वेळी अवघी सोळा वर्षांची होती. ओसाड वाड्यातील झोपाळ्यावरून, बागेतून, नदीवरील होडीतून जो आवाज नायकाला हाका मारीत राहतो, तो लता मंगेशकरांचा. त्यांचा जन्म १९२९ साली इंदूरचा. म्हणजे झपाटलेला मनुष्य खंडव्याचा आणि झपाटणारा आवाज इंदूरचा! देवास आणि धारच्या लोकांनी ह्यावर थोडा हक्क सांगितला तर कोणी रागावू नये.

त्या गीताची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास उत्पन्न व्हावा म्हणून गाणाऱ्या तरुण लताबाईंना ध्वनिग्राहकापासून दूर खोलीच्या कोपऱ्यात उभे करण्यात आले, आणि गात गात त्या पावलापावलाने पुढे आल्या. आज जे काम यंत्रातील एक कळ करते, ते तेव्हा पायांनी केले. ध्वनिमुद्रिकेवर प्रथम गायिकेचे नाव नव्हतेच. कथेतील ‘कामिनी’चे नाव छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीस पत्रे लिहून विचारले, ही कामिनी कोण? संगीतकार खेमचंद प्रकाश, दिग्दर्शक कमाल अमरोही. छायाचित्रण योसेफ विर्शिंग नावाच्या जर्मन कलावंताचे होते. जर्मनीत मूकपटांच्या काळात सावल्यांची जी विद्या वाढली, ती ह्या गृहस्थांबरोबर मालाडच्या स्टुडिओत आली. म्हणून ‘महल’मध्ये भिंतीवरची सावली माणसाआधी जिना चढते.

आता भीतीच्या आनंदाकडे वळू. पुष्कळांना वाटते, भिण्यात कसला आला आहे आनंद? आम्ही म्हणतो, आपल्या गावी शेकोटीभोवती बसून गोष्टी ऐकलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये. उत्तम गोष्ट सांगणारी म्हातारी भूत कधी लवकर दाखवीत नसे. आधी पिंपळ, मग वारा, मग पैंजणाचा एकच आवाज, आणि मग ती मध्येच थांबून निखारा सारखा करीत असे. पोरे एकमेकांस चिकटून बसत. विलायतेत जन्मलेला (लंडन, १८९९) आणि तेथील येशूसंघीय पाद्रींच्या शाळेत शिकलेला आल्फ्रेड हिचकॉक हा रहस्यपटांचा गुरू हीच गोष्ट आपल्या परीने सांगत असे. दोन माणसे मेजाशी गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी मेजाखालचा बाँब फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. पण बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले आणि त्या दोघांना कळले नाही, तर त्याच फुटकळ गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीस लागतो. पहिला धक्का क्षणाचा, दुसरी ओढ कितीतरी मिनिटांची. त्याच्या १९६० सालच्या ‘सायको’मधील स्नानगृहाचे दृश्य जगभर गाजले. ते सुमारे पाऊण मिनिटाचे आहे. कृष्णधवल चित्रपटात रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता, आणि तेथे तंतुवाद्यांची जी किंचाळी ऐकू येते, ती हिचकॉकला आधी नकोच होती. संगीतकार बर्नार्ड हरमन ह्याने ती करून ऐकविली, तेव्हा तो वळला. (हा चित्रपट मात्र मुलांसाठी नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो.)

आपल्याकडील जुन्या रहस्यपटांत भयाबरोबर गाणी येतात, आणि कित्येक विद्वान त्याला हसतात. आम्हांस ती गाणी सोयीची वाटतात. घरातले लहान मूल आईच्या पदरातून डोके बाहेर काढते, कोणी पाणी पिऊन येते, कोणी दार नीट लागले आहे ना ते पाहते. गाण्यावाचून असणारेही आहेत. यश चोप्रांचा १९६९ सालचा ‘इत्तेफाक’ एका रात्रीत आणि बहुतेक एकाच घरात घडतो आणि त्यात एकही गीत नाही. त्या रात्री पाणी पिण्यास उठावयाचे असेल तर आधीच उठावे.

मराठीतही हे दालन रिकामे नाही. राजा परांजपे ह्यांच्या १९६४ सालच्या ‘पाठलाग’ला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले, आणि त्याच कथेवरून राज खोसला ह्यांनी १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ काढला. मुंबईची हिंदी चित्रसृष्टी मराठीकडून उसने घेते, हे मराठी माणसाने मुलांना अवश्य सांगावे. पुढे १९७६ साली वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. त्याचे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. भुताला हसावयाचे असेल तर महेश कोठारे ह्यांचा १९९३ सालचा ‘झपाटलेला’ आहेच. त्यातील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये ह्यांनी घडविला. लक्ष्मीकांत बेर्डे त्याला भितात आणि घर हसते. ज्या मुलांना गंभीर भयपट सोसत नाहीत त्यांची सुरुवात येथून करावी. काहींना बाहुल्याचीच अधिक भीती वाटते, हेही खरे.

आता आजीबाईंचा राखून ठेवलेला मुद्दा. भूत घरात आले तर राहते, असे त्यांचे म्हणणे. पडद्यावरचे भूत राहात नाही. परंतु मनातली समजूत राहते, आणि आमच्या डोंगरपट्ट्यात ती निरुपद्रवी नाही. ‘डाकण’ हा शब्द येथे केवळ गोष्टीतला नव्हे. गावात कोणाचे मूल दगावले, बैल मेला, ताप उतरला नाही की एखाद्या बाईकडे बोट दाखविले जाते. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. मग मारहाण, गावबंदी, क्वचित प्राणघातही. सरकारच्या गुन्ह्यांच्या नोंदींत जादूटोण्याच्या संशयाने झालेल्या खुनांचा रकाना वर्षानुवर्षे आहे, आणि तो रिकामा राहात नाही. महाराष्ट्रात नरबळी, जादूटोणा आणि तत्सम अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा २०१३ साली आला. त्याकरिता वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला, तेव्हा कोठे तो लागू झाला.

येथेच जुने रहस्यपट आमच्या कामी येतात, आणि हेच आमच्या कौलाचे खरे कारण आहे. ते लक्षपूर्वक पाहा. ‘महल’मधील कामिनीचा उलगडा होतो तेव्हा समोर हाडामांसाची स्त्री असते. बिरेन नाग ह्यांच्या ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्ये रात्रीच्या पाणथळ रानातील आक्रोशामागे माणूसच निघतो. ‘वो कौन थी?’ (१९६४) मध्ये पावसाळी रात्री मोटारीत येऊन बसणारी पांढऱ्या साडीतील बाई पाहून डॉक्टर नायक वेडाच्या काठावर येतो. शेवटी कळते की सारा बनाव इस्टेटीसाठी होता. भुताच्या मागे मृत्युपत्र निघाले! जी गोष्ट गावच्या पंचायतीत सांगितली तर ऐकून घेतली जात नाही, ती हा चित्रपट गाण्यांसकट अडीच तासांत सांगून जातो. चित्रपट संपल्यावर घरातील कर्त्या माणसाने दिवा लावून मुलांना एवढेच विचारावे: हे भूत असावे असे कोणाला वाटत होते, आणि त्यात कोणाचा लाभ होता? असा प्रश्न करण्याची ज्या मुलांना सवय लागली, ती मोठेपणी एखाद्या म्हातारीच्या दारासमोर दगड घेऊन जमलेल्या घोळक्यात सहजासहजी उभी राहणार नाहीत, असा आमचा विश्वास आहे. म्हणून ह्या चर्चेत शेजारच्या पोरांनाही बसवून घ्यावे. ती ह्या चित्रपटांना येतात हे उत्तमच आहे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्यांनी बिमल रॉय ह्यांचा ‘मधुमती’ (१९५८) पाहिला नसेल, त्यांनी हा परिच्छेद तूर्त सोडून द्यावा. हे बिमल रॉय ‘महल’चे संकलक होते, नऊ वर्षांनी त्यांनी स्वतःची भूतकथा काढली, आणि तिने एका वर्षात फिल्मफेअरची नऊ पारितोषिके मिळविली. कथा ऋत्विक घटक ह्यांची. तीत पुनर्जन्माची कल्पना आहे. ती आपल्या श्रद्धेत बसत नाही आणि मुलांना तसे सांगावे. परंतु तिच्यातील भूत पाहा. नायक एका सारख्या दिसणाऱ्या मुलीला भुताचे सोंग घेण्यास सांगतो, म्हणजे अपराधी जमीनदार घाबरून कबुली देईल. कबुली मिळते, आणि मग नायकाच्या ध्यानात येते की, समोरच्या स्त्रीला ज्या गोष्टी ठाऊक आहेत त्या सोंग घेणाऱ्या मुलीला ठाऊक असणे शक्यच नव्हते. मेलेली मुलगी सूड घेण्यास आली नव्हती. आपला खून झाला एवढे कोणीतरी मान्य करावे म्हणून ती आली होती.

काय पाहू नये ह्याविषयी आम्ही थोडक्यात सांगतो. ज्या भयपटांत भयापेक्षा नग्नता आणि मांसाचे तुकडे अधिक, ते आमच्या मते भयपट नव्हेतच. चित्रपटाच्या प्रमाणपत्राकडे आईबापांनी पाहावे. पूर्वीच्या सरसकट ‘यूए’ऐवजी आता सात, तेरा आणि सोळा अशा वयोमर्यादा लिहिलेल्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. मूल रात्री दचकून उठू लागले तर पुढचा रविवार विनोदी चित्रपटाचा. आणखी एक. परदेशी आणि त्यांच्या अनुकरणाने निघालेल्या देशी पिशाचपटांत क्रूस उगारला की राक्षस पळतो. मुले विचारतात, फादर, असे होते का? क्रूस हा ताईत नव्हे, असे आम्ही त्यांना सांगतो. ह्या बाबतीत १९२२ सालचा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’ अधिक शहाणा आहे. त्यातील रक्तपिपासू सरदाराचा अंत एका स्त्रीच्या आत्मत्यागाने आणि सकाळच्या उन्हाने होतो. १९९५ साली, चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. तीत कलेच्या विभागात हा ‘नोस्फेरातू’ आहे. रोमला जे चालते ते उदयनगरच्या ओसरीवर चालावयास हरकत नसावी.

शेवटी एका चित्रपटाची शिफारस आम्ही आपल्या कुटुंबांस मुद्दाम करतो. तो भुताचा नव्हे. हिचकॉकचा १९५३ सालचा ‘आय कन्फेस’, म्हणजे ‘मी कबूल करतो’. कॅनडातील क्वेबेक शहरी एका चर्चमधील सेवक खून करतो आणि त्याच रात्री तेथील तरुण फादर लोगनपाशी पापनिवेदन करतो. पुढे पोलिसांचा संशय फादरांवरच येतो. फादर बोलू शकत नाहीत. पापनिवेदनाची मोहर प्राण गेला तरी मोडावयाची नाही, हा धर्मसभेचा नियम आजही अबाधित आहे. हिचकॉकने पुढे म्हटले होते की, कॅथोलिक नसलेल्या प्रेक्षकांना हा मनुष्य गप्प का बसतो हेच उमगले नाही आणि चित्रपट तेथे फसला. आपल्या घरांतून तो फसणार नाही. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची तयारी करणाऱ्या पोरालाही कारण ठाऊक आहे. संभाषण इंग्रजी आहे, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने मधून मधून थांबवून घरच्यांना अर्थ सांगावा. न्यायालयाच्या दृश्यात मात्र थांबवू नये. मेजाखाली बाँब आहे हे तेथे आपल्याला ठाऊक असते, फादरांना ठाऊक असते, खुन्याला ठाऊक असते. आणि तिघांपैकी कोणीही बोलू शकत नाही.