इसापूरच्या पाण्याला समुद्रातली नाव कशाला?

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या मासेमारी नौका देण्यात आल्या. अशी एक नौका म्हणजे सुमारे 1 कोटी 20 लाख रुपयांचा मामला. समारंभ देखणा झाला, फोटोही छापून आले. त्याच महाराष्ट्रात, माझगावपासून एका रात्रीच्या प्रवासावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातला मच्छीमार इसापूर धरणाच्या पाण्यात उतरतो तो ट्रॅक्टरच्या चाकातल्या ट्यूबवर बसून. हे पत्र त्या ट्यूबवरच्या माणसाच्या नावेबद्दल आहे.

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की कापूस, तूर आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या एवढेच लोकांना आठवते. पाण्याची आठवण होते ती शहराचे नळ कोरडे पडल्यावर. पण पैनगंगेवरचे इसापूर, पुसदजवळचे पूस, दिग्रसचे अरुणावती, बाभूळगावकडचे बेंबळा आणि यांखेरीज कितीतरी लहान तलाव या जिल्ह्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. या पाण्यावर भोई, ढिवर, कहार कुटुंबे पोट भरतात. तलाव ठेक्याने सहकारी संस्थेकडे, मत्स्यबीज संस्थेने सोडायचे, आणि जाळे व नाव ज्याची त्याने बघायची, अशी साधारण रीत.

नाव म्हणजे नेमके काय, हे काठावर उभे राहून बघावे. कोणाकडे वडिलांच्या काळातला लाकडी डोंगा असतो, दरवर्षी डांबर फासून जगवलेला. बाकीच्यांकडे थर्माकोलचे ठोकळे, वरून खताची रिकामी पोती शिवलेली, दोरीने घट्ट आवळलेली. नाहीतर ट्यूब. तिच्या मध्ये फळी, फळीवर माणूस, पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात, आणि दोन्ही हातांत वल्ह्याऐवजी लाकडी पाट्या. संध्याकाळी जाळे लावायचे, पहाटे उचलायचे. जाळ्यात मोठा कटला लागला की आनंदापेक्षा धास्ती जास्त, कारण त्याने हिसका दिला तर ट्यूब कलंडते. जास्त मासळी मिळाली तरी ती ठेवायला जागा नाही. दोन खेपा कराव्या लागतात, तोवर ऊन चढते आणि माल नरम पडतो.

मग नवी नाव का घेत नाहीत? या प्रश्नाला ‘अनुदान आहे की!’ हे विभागाचे ठरलेले उत्तर असते. अनुदान आहे, हे खरेच. मे 2020 मध्ये जाहीर झालेल्या 20,050 कोटींच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमाराला नवी नाव आणि जाळी घेण्यासाठी मदत आहे. तिथे एका नावेचा मंजूर खर्च 5 लाख रुपये धरलेला आहे. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्याच्या 40 टक्के अनुदान, अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना 60 टक्के.

इथे एक मेख आहे. गावात ज्याला सगळे मागासातला मागास समजतात तो भोई-ढिवर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत येतो, अनुसूचित जमातींच्या नव्हे. म्हणजे या योजनेपुरता तो ‘सर्वसाधारण’. पूर्ण 5 लाखांची नाव घ्यायची तर त्याने 3 लाख स्वतःचे घालायचे. अर्ज बायकोच्या नावाने केला तर 2 लाख. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणारी आणि हिशेब ठेवणारी तीच असते, तेव्हा नाव तिच्या नावावर होण्यात वावगे काही नाही, उलट ते बरेच. पण हे काठावर जाऊन किती जणींना कोणी सांगितले?

आणि मुळात एवढी नाव हवी कोणाला? 5 लाखांचा आकडा समुद्राकडे बघून ठरवल्यासारखा वाटतो. धरणात धक्का नसतो. एप्रिल-मेमध्ये पाणी आत सरकते आणि नाव गाळातून ओढत न्यावी लागते. बुडालेल्या शिवारातले झाडांचे खुंट वर येतात. अशा ठिकाणी दोन माणसांनी उचलावी इतकी हलकी, बुडाला मजबूत, वल्ह्याची नाव लागते. इंजिन लागत नाही; असले तरी त्याचे इंधन परवडत नाही.

समजा, अशी दोन माणसांची फायबरची नाव, वल्ही, दोन लाइफ जॅकेट आणि आणायचे ट्रकभाडे मिळून 80,000 रुपयांना पडली. 40 टक्के अनुदान म्हणजे 32,000, पदरचे 48,000. नावेमुळे रोज 4 किलो मासळी जास्त आली, काठावर 90 रुपये भाव मिळाला आणि वर्षाचे 150 दिवस काम झाले, तर 54,000 जास्तीचे येतात. दोघांत वाटून, जाळ्याची डागडुजी आणि संस्थेचा हिस्सा वजा करूनही दोन-अडीच वर्षांत नाव सुटते. सौदा चांगला.

आता तोच हिशेब गावच्या रीतीने. अनुदानाची वाट अशी की आधी खरेदी, मग तपासणी, मग खात्यात पैसे. तोवर पूर्ण 80,000 उभे करायचे कुठून? भिशी, बचत गट, सोने गहाण, आणि शेवटी सावकार, शेकडा पाच महिन्याला. अनुदान सहा महिने रखडले तर व्याजच 24,000 होते. 32,000 च्या अनुदानातले लाभार्थ्याच्या हाती उरले 8,000. सावकार टाळला तर मासळीचा व्यापारी उचल द्यायला तयारच असतो. तो व्याज मागत नाही. तो फक्त एवढेच म्हणतो की माल मलाच घालायचा, भाव मी ठरवीन. नाव नवी, आणि मासा दुसऱ्याचा.

बँक हा तिसरा रस्ता. 2018-19 पासून मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड मिळते आणि वेळेवर फेडल्यास व्याज 4 टक्क्यांपर्यंत उतरते. पण ते कर्ज खेळत्या भांडवलाचे, बीज, खाद्य, मजुरी यांसाठीचे, नावेसाठी नव्हे. नावेला मुदतीचे कर्ज लागते आणि बँकेचा अधिकारी तारण विचारतो. ठेका साधारण पाच वर्षांचा, तोही संस्थेच्या नावावर. दोन वर्षे सरली असतील तर तीन वर्षांनी हा माणूस याच पाण्यावर असेल का, हे त्याला स्वतःलाच माहीत नसते. 22 एप्रिल 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, शेतीच्या दराने कर्ज आणि विजेची वाट मोकळी केली. निर्णय मोठा आहे. पण शेतकऱ्याकडे सातबारा असतो. ट्यूबवरच्या माणसाने बँकेत काय दाखवायचे?

एक गोष्ट मात्र मच्छीमारांच्या बाजूच्यांनीही ऐकून घ्यावी. प्रत्येक तलावावर नाव घेणे फायद्याचे नाही. ज्या तलावात बोटुकली पुरेशी सोडलीच जात नाही, किंवा सोडून चार महिन्यांत बारीक आसाचे जाळे टाकून ती उपसली जाते, तिथे चांगली नाव आली की तेवढाच मासा लवकर संपतो. वरच्या हिशेबात 4 किलोंऐवजी रोज 1 किलोच वाढला तर वर्षाला 13,500 येतात. सावकाराचे व्याज 48,000 वर 28,800 होते. अशा पाण्यावर कोणी नाव घेत असेल तर त्याला आधी थांबवावे आणि संस्थेला बीज सोडायला लावावे. विभागाकडे तलावनिहाय बीजसंचयनाची नोंद असतेच. नावेचा अर्ज मंजूर करताना ती उघडून बघायला वेगळा शासन निर्णय लागू नये.

सुरक्षेचा मुद्दा वेगळा काढायचे कारण नाही, तो किमतीतच धरावा. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. ती प्रवासी बोट होती, पण धरणावरचा वारा प्रवासी आणि मच्छीमार असा भेद करत नाही. लाइफ जॅकेट ‘ऐच्छिक’ ठेवले की घेतले जात नाही, कारण त्या पैशात जाळे येते. मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला 5 लाखांचे विमा संरक्षण आहे. त्या मानाने जॅकेट फार स्वस्त.

शिवाय चांगली नाव गावाच्याही कामी येते. जुलै 2023 मध्ये याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला साद घालावी लागली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धावली. जिल्ह्यात पाणी ओळखणारी शेकडो माणसे आहेत. त्यांच्याजवळ भरवशाच्या नावा असत्या तर पहिल्या दोन तासांत तहसीलदारांनी कोणाला फोन करायचा, हे ठरलेले असते. आपत्ती व्यवस्थापनाच्या निधीतून नावेचा काही भार उचलता येईल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाशी बोलून बघण्यासारखे आहे.

तेव्हा विभागाकडे मागणे आहे ते असे. जलाशयासाठी लहान, वल्ह्याच्या नावेचा स्वतंत्र खर्चमान ठरवा, त्यात दोन जॅकेट सक्तीने धरा. अनुदान थेट नाव बांधणाऱ्याला द्या, म्हणजे मच्छीमाराला फक्त आपला हिस्सा जमवावा लागेल. भटक्या जमातींचा मच्छीमार 60 टक्क्यांत बसत नसेल तर मधला फरक राज्याने भरावा. ज्या सभासदाने नावेसाठी कर्ज घेतले आहे त्याचा त्या पाण्यावरचा हक्क कर्ज फिटेपर्यंत ठेक्याच्या करारातच लिहून द्या. बँकेला दाखवायला तोच कागद होईल. मत्स्यसंपदा योजनेची मुदत 2025-26 पर्यंत वाढवलेली होती. तिच्या जागी पुढे जे काही येईल, त्यात हे बसवण्याची संधी आहे.

आणि अर्ज मागवायचे ते पावसाळा संपता संपता मागवावेत. मार्चअखेरीस निधी संपवायच्या घाईत मंजूर झालेली नाव मे महिन्यात येते, तेव्हा पाणी तळाला गेलेले असते आणि पहिला हप्ता मात्र जूनमध्ये भरायचा असतो.