आत्याबाईंच्या मैत्रिणी

क्षमावणी जवळ आली की आमच्या घरी आत्याबाईंची आठवण हटकून निघते. त्या माझ्या वडिलांच्या आत्या. पण घरातील लहानथोर सगळे त्यांना आत्याबाईच म्हणत. सोळाव्या वर्षी वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या. तेव्हा आपला धाराशिव जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुलींच्या मराठी शिक्षणाची सोय जवळपास नव्हतीच. पणजोबांनी लोकापवादाची पर्वा केली नाही. येडशीला बार्शी लाईटच्या छोट्या गाडीत त्यांना बसविले, कुर्डुवाडीला गाडी बदलली आणि सोलापूरच्या श्राविकाश्रमात नेऊन सोडले. आत्याबाईंचा हा पहिला प्रवास. पुढे त्यांनी शिखरजी, गिरनार, श्रवणबेळगोळ अशी दूरदूरची क्षेत्रे पाहिली, पण कोणी विचारले तर त्या म्हणत, "माझी खरी यात्रा येडशीच्या फलाटावर सुरू झाली."

आश्रमात त्यांना दोन मैत्रिणी मिळाल्या. एक कारंजाच्या, दुसऱ्या बेळगावकडच्या. तिघींचे दुःख एकच होते, भाषेचा ढंग मात्र निराळा. बेळगावच्या बाईंच्या मराठीत कानडी मिसळलेली असे आणि त्यावरून आत्याबाई त्यांना अखेरपर्यंत चिडवीत. शिक्षण संपल्यावर तिघी तीन दिशांना गेल्या. कोणी शाळेत शिकवू लागली, कोणी भावाच्या संसाराला हातभार लावू लागली. मग भेटीचे निमित्त एकच उरले, तीर्थयात्रा.

१९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, तेव्हा दर्शनासाठी गावोगावचा समाज लोटला होता. त्या गर्दीत तिघी भेटल्या. १८ सप्टेंबरला महाराजांचे समाधिमरण झाले. त्या रात्री आपण तिघी एकाच घोंगडीवर बसून पहाटेपर्यंत णमोकार म्हणत होतो, असे आत्याबाई सांगत. पुढे १९६७ आणि १९८१ च्या महामस्तकाभिषेकांना त्या श्रवणबेळगोळला एकत्र गेल्या. सत्तावन्न फुटी बाहुबलींच्या चरणांशी उभ्या असलेल्या तीन पांढऱ्या लुगड्यांतल्या बायकांचा एक फोटो आमच्या घरी आहे. फोटोमागे नाव मात्र एकही नाही.

कुंथलगिरी ही कुलभूषण आणि देशभूषण या दोन भावांची निर्वाणभूमी. उपसर्ग आला तेव्हा ते शेजारी शेजारी ध्यानस्थ उभे राहिले. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्थितीकरण आणि वात्सल्य अशी दोन अंगे सांगितली आहेत. डळमळणाऱ्या साधर्मीला सावरणे हे स्थितीकरण. आपण ते प्रवचनात ऐकतो. आत्याबाईंच्या मैत्रिणींनी ते पोस्टकार्डांतून आचरले. एकीचा भाऊ वारला, दुसरीची दृष्टी गेली, तिसरीला घरात बोल सहन करावे लागले; प्रत्येक वेळी उरलेल्या दोघींचे कार्ड आले.

अशी मैत्री आपल्या समाजाला नवी नाही. मुंबईच्या मगनबाई या शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या. त्यांनाही तरुणपणीच वैधव्य आले. वडिलांच्या पाठबळाने त्या शिकल्या. अंकलेश्वरच्या ललिताबाई आणि सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशी यांच्या कन्या कंकुबाई या दोघी त्यांच्या जिवाभावाच्या सहकारी झाल्या. स्त्रियांनी शिकावे म्हणून मगनबाई प्रांतोप्रांती फिरल्या, मुंबईत श्राविकाश्रम चालविला. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात अशा बायकांची नावे राहतात. घरोघरच्या आत्याबाईंच्या मैत्रिणींचा इतिहास कोण लिहिणार? वंशावळीत सासर लिहिले जाते, माहेर लिहिले जाते. मैत्रिणीसाठी रकाना नसतो.

ही चूक आमच्याच घरी घडली. आत्याबाई ऐंशी ओलांडून एका चैत्रात शांतपणे गेल्या. सोयरेधायरे सगळ्यांना कळविले. मैत्रिणींना कळवायचे कोणाच्याच ध्यानात आले नाही. आमच्या लेखी त्या "कारंजाच्या बाई" आणि "बेळगावच्या बाई" एवढ्याच होत्या. भाद्रपदात क्षमावणीचे कार्ड आले. अक्षर नातवाचे असावे, शब्द मात्र कारंजाच्या बाईंचे होते. वर्षभरात मन दुखावले असेल तर क्षमा मागितली होती आणि खाली लिहिले होते, "तुझे पत्र नाही. रागावलीस का?"

ते कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. सहा महिने एक वृद्धा आपल्या मैत्रिणीच्या रुसव्याचे कारण शोधत होती आणि तिला उत्तर देणारे माणूस या जगात नव्हते. मी उलटटपाली सर्व कळविले आणि घराच्या वतीने क्षमा मागितली. पंधरा दिवसांनी उत्तर आले. बेळगावच्या बाई दोन वर्षांपूर्वीच गेल्याचे त्यात होते. "आता मी एकटी उरले. तिच्या नावाने रोज एक माळ जपते," असे लिहून त्यांनी तिघींची पूर्ण नावे, गावे आणि आश्रमात दाखल झाल्याचे साल लिहून पाठविले होते. सत्तर वर्षांच्या मैत्रीतील ती नावे आमच्या घराला तेव्हा प्रथम कळली. आज ती फोटोमागे लिहिलेली आहेत.

वाचकहो, येत्या क्षमावणीला मोबाईलवर एकच संदेश शंभर जणांना पाठविण्याआधी घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ क्षणभर बसा. तुमच्या मैत्रिणी कोण, कुठे असतात, हे विचारा. नावे आणि पत्ते वहीत लिहून ठेवा. जमल्यास त्यांची एकदा भेट घडवून आणा. आम्हाला ते जमले नाही. तुम्हाला अजून जमेल.