मागितले तेवढे द्या

कापडाच्या पेठेत जुना दस्तूर आहे. गिऱ्हाईकाने लुगडे मागितले तर लुगडेच दाखवावे, सोबत गादी आणि आरसा त्याच्या गळ्यात मारू नये. संगणकावर गाणी व चित्रफिती दाखविणारे प्लेअर बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना हा दस्तूर ठाऊक नसावा, असे आम्हास वाटते.

व्यापारी बंधूंनी हा मामला केवळ करमणुकीचा समजू नये. सुरतेचा ठोक व्यापारी आता साड्यांचे नमुने चित्रफितीवर पाठवितो. दुकानातील चोरीची शहानिशा कॅमेऱ्याच्या नोंदीवरून होते. गिऱ्हाईक समोर बसले असता प्लेअर आधी खाते उघडा म्हणतो, मग नवी आवृत्ती घ्या म्हणतो, शेवटी जाहिरात दाखवितो. आमच्या दुकानातील जुन्या संगणकावर असला एक प्लेअर सुरू होईपर्यंत गिऱ्हाईकाचा चहा संपतो. मग कोणीतरी नवा संगणक घेण्याचा सल्ला देतो. म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूपायी हजारोंचा खर्च!

असे का घडते? माल फुकट असला की कमाई दुसरीकडून काढावी लागते: जाहिरातीतून, गाण्यांच्या विक्रीतून, नाहीतर आपल्या माहितीतून. म्हणून वजन वाढत जाते. विनॅम्प 1997 साली आला तो हलका म्हणून लोकांना आवडला. 2002 साली त्याची तिसरी आवृत्ती जड निघाली आणि पुष्कळजण दुसरीलाच चिकटून राहिले. 2003 साली कंपनीने दोन्हींचा मेळ घालून थेट पाचवी काढली! ॲपलच्या आयट्यून्समध्ये गाण्यांसोबत दुकान, चित्रपट, फोनची जोडणी असे सारे कोंबले गेले. अखेर 2019 साली मॅक संगणकावर कंपनीलाच त्याचे वेगवेगळे भाग करावे लागले.

याउलट व्हीएलसी पाहा. 1996 साली पॅरिसच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले आणि 2001 साली ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झाले. त्याच्या पोटातही सोयी पुष्कळ आहेत, परंतु मागितल्याशिवाय त्या पुढे येत नाहीत. त्याचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त केंफ यांनी जाहिराती जोडण्यासाठी देऊ केलेल्या मोठ्या रकमा नाकारल्या.

नव्या सोयी नकोत काय, असे कोणी विचारील. जरूर हव्यात. ज्याला हव्या त्याने घ्याव्यात, सर्वांवर लादू नयेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 2022 साली व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होते. कायदेशीर नोटिशीनंतर नोव्हेंबरात ते पुन्हा खुले झाले. मूळ दुकान बंद असले की बनावट माल खपतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. तेव्हा प्लेअर मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणाच्याही पेन ड्राइव्हवरून नव्हे.

आपला बीड एकेकाळी चामड्याच्या छागलीसाठी नावाजलेला होता. छागल एकच काम करी, पाणी थंड ठेवी. त्या कारागिरांची अक्कल आजच्या संगणकवाल्यांनी घ्यावी. तोवर आपण तरी नवा संगणक घेण्याआधी जुन्यावरचे ओझे उतरवून पाहावे.